गोड्या समुद्रावरचा वारा



सन १८८८ च्या सुमारास अमेरिकेंतील क्लीव्हलंड शहरांत, युक्लिड नांवाच्या रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाला एका श्रीमंत गृहस्थाच्या घरामागें एक विलक्षण वस्तु उभी असलेली दिसे. लोखंडी मनोरा, आणि त्याच्या डोक्यावर सतरा मीटर व्यासाचें एक प्रचंड चाक. त्या चाकाला देवदारजातीच्या लांकडाचीं १४४ पातीं होतीं. वारा आला कीं चाक फिरे, चाकाबरोबर वीज उत्पन्न करणारें यंत्र फिरे, आणि ती वीज तळघरांतील घटांत सांठविली जाई. घराचे मालक चार्ल्स ब्रश हे स्वतःच मोठे यंत्रविशारद होते. क्लीव्हलंडच्या चौकांत १८७९ सालीं विजेचे झगझगीत दिवे लावून ज्यांनीं लोकांना थक्क केलें, ते हेच. बारा किलोवॉट शक्तीच्या या चक्कीनें सुमारें वीस वर्षें त्यांच्या घराला वीज पुरविली.

ज्या शहरानें इतक्या आधीं वाऱ्यापासून वीज घेऊन पाहिली, त्याच शहरासमोरच्या सरोवरांत सहा पवनचक्क्या उभ्या करण्यासाठीं २००९ सालीं एक संस्था स्थापन झाली. आणि २०२३ च्या डिसेंबरांत, एकही चक्की उभी न राहतां, ती योजना गुंडाळून ठेवावी लागली. चौदा वर्षें आणि सहा चक्क्या! वारा तर तेथें मुबलक आहे. मग घोडें कोठें पेंड खातें, हें आज आपणांस सांगावयाचें आहे.

उत्तर अमेरिकेचा नकाशा डोळ्यांपुढें आणा. संयुक्त संस्थानें आणि कॅनडा यांच्या सीमेवर पांच प्रचंड सरोवरें एकाला एक लागून पसरलेलीं दिसतील: सुपीरियर, मिशिगन, ह्यूरन, ईरी आणि ऑन्टॅरिओ. त्यांतलें मिशिगन तेवढें सर्वस्वीं संयुक्त संस्थानांत आहे. बाकीच्या चारांतून दोन देशांची सीमा जाते. पांचांचें मिळून क्षेत्रफळ सुमारें २ लक्ष ४४ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या क्षेत्रफळाच्या जवळजवळ चार-पंचमांश. पृथ्वीच्या पाठीवर नद्या-तळ्यांच्या रूपानें जें गोडें पाणी उघड्यावर आहे, त्याचा सुमारें पांचवा हिस्सा एवढ्या पांच भांड्यांत सांठलेला आहे. आपण ‘सरोवर’ म्हटलें कीं कमळें आणि घाट डोळ्यांपुढें येतात. ती कल्पना येथें सोडावी लागेल. यांना गोड्या पाण्याचे समुद्र म्हणणेंच योग्य. १९१३ च्या नोव्हेंबरांत उठलेल्या वादळानें या सरोवरांवर अडीचशेंहून अधिक माणसांचा बळी घेतला. आणि १० नोव्हेंबर १९७५ रोजीं ‘एडमंड फिट्झजेरल्ड’ नांवाचें २२२ मीटर लांबीचें मालवाहू जहाज सुपीरियरमध्यें आपल्या २९ माणसांसह तळाला गेलें.

हीं वादळें नोव्हेंबरांतच कां उठतात, तें समजलें म्हणजे तेथील वाऱ्याची गोष्ट अर्धी समजली. उन्हाळाभर तापलेलें पाणी लौकर थंड होत नाहीं. शरदाच्या शेवटीं उत्तरेकडून गारठलेली हवा या कोमट पाण्यावर येते. खालची हवा पाण्याच्या स्पर्शानें ऊन होऊन वर चढूं लागते, वरच्या थरांतील वेगवान हवा तिच्या जागीं खालीं उतरते, आणि पाण्याच्या पृष्ठावर वारा घोंगावूं लागतो. वसंतांत याच्या उलट. पाणी बर्फासारखें गार, वरून येणारी हवा उबदार. मग जड, गार हवेचा थर पाण्याला चिकटून बसतो आणि वरचा वारा त्याच्यावरून घसरून जातो. म्हणून या सरोवरांचा वारा शरदांत व हिंवाळ्यांत भरघोस, आणि उन्हाळ्यांत कृश असतो.

तरीही वर्षभराचा हिशेब केला, तर कांठावरील जमिनीपेक्षां पाण्यावरचा वारा सरस ठरतो. कारण पाण्यावर त्याला अडवावयास झाडें नाहींत, घरें नाहींत, टेंकड्या नाहींत. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावरील पवनचक्क्या ज्यांनीं पाहिल्या असतील, त्यांना ठाऊक आहे कीं त्या वाऱ्याच्या शोधांत डोंगर चढून गेल्या आहेत. सरोवरावर तसाच वारा सपाटीला मिळतो. आणि वाऱ्याच्या वेगांतला लहानसा फरकही येथें फार मोठा असतो, कारण वाऱ्यांतली शक्ति त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणांत वाढते. सेकंदाला सहा मीटर धांवणारा वारा आठ मीटर धांवूं लागला, तर वेग वाढला एक-तृतीयांशानें. पण त्यांतली शक्ति दुपटीहूनही अधिक झाली. हें गणित ज्याला कळलें, तो चक्की घेऊन पाण्यांत कां उतरूं पाहतो हें निराळें सांगावें लागत नाहीं.

शिवाय गिऱ्हाईक दारांत उभें आहे. शिकागो, मिल्वॉकी, टोलेडो, क्लीव्हलंड, बफेलो, टोरॉन्टो हीं सारीं मोठीं शहरें या सरोवरांच्या कांठींच वसलेलीं आहेत. विजेच्या तारा शेंकडों मैल ओढण्याचें कारण नाहीं.

मग पाया कोठें घालावयाचा? सुपीरियरची खोली एका ठिकाणीं ४०६ मीटर आहे. मिशिगन आणि ऑन्टॅरिओ यांची सरासरी खोलीही ८५ मीटरांच्या आसपास. अशा खोलींत तळावर खांब उभा करणें आजच्या यंत्रशास्त्रालाही महाग पडतें. उरलें तें ईरी. त्याची सरासरी खोली अवघी १९ मीटर. पांचांतलें हें सर्वांत उथळ सरोवर, आणि क्लीव्हलंड त्याच्याच दक्षिण कांठावर आहे. सहा चक्क्यांची योजना कांठापासून आठ ते दहा मैलांवर, सुमारें अठरा मीटर पाण्यांत आंखलेली होती. प्रत्येक चक्की ३.४५ मेगावॉटची, म्हणजे सहांची मिळून शक्ति २०.७ मेगावॉट, चक्राचा व्यास १२६ मीटर, आणि उभ्या पात्याचें टोंक पाण्यापासून १४६ मीटर उंच. ब्रशसाहेबांच्या चाकाशीं ताडून पाहिलें म्हणजे मधल्या काळांत ही विद्या कोठवर गेली, त्याचा अंदाज येतो. या योजनेला ‘आइसब्रेकर’, म्हणजे बर्फ फोडणारी, असें नांव दिलेलें होतें. नांव उगाच दिलेलें नव्हतें.

आतां त्या बर्फाकडेच वळूं. ईरी उथळ असल्यामुळें लौकर गोठतें. कडक हिंवाळ्यांत पांचही सरोवरांचा बहुतेक पृष्ठभाग झांकला जातो: १९७९ सालीं ९४.७ टक्के, आणि २०१४ च्या मार्चांत ९२ टक्क्यांहून अधिक पृष्ठ बर्फाखालीं गेलें होतें. समुद्रांतही बर्फ होतो, मग येथें विशेष तें काय? विशेष असें कीं गोड्या पाण्याचा बर्फ खाऱ्या पाण्याच्या बर्फाहून टणक असतो. समुद्राचें पाणी गोठतांना त्यांतलें मीठ बर्फाच्या स्फटिकांत शिरत नाहीं. तें तीव्र खाऱ्या पाण्याच्या बारीक बारीक थेंबांच्या रूपानें मध्येंच अडकून राहतें, आणि त्यामुळें बर्फ आंतून पोखरल्यासारखा कच्चा होतो. सरोवराच्या बर्फांत असे पोखर नसतात. हा टणक बर्फ वाऱ्यानें सरकूं लागला, कीं एक तुकडा दुसऱ्यावर चढतो, त्याच्यावर तिसरा, आणि पाहतां पाहतां बर्फाचे बांध रचले जातात. बांधाचा थोडासा भाग वर दिसतो. पुष्कळसा पाण्याखालीं असतो, आणि उथळ जागीं तो सरोवराच्या तळाला नांगरासारखा ओरखडे काढीत जातो. म्हणजे चक्कीच्या खांबाला तर धोका आहेच, पण तिची वीज कांठापर्यंत आणणारी तारही तळांत खोल पुरावी लागते.

या बर्फावर यंत्रविशारदांनीं काढलेली तोड मात्र मोठी सुबक आहे. एखादी काडी दोन्ही टोंकांकडून दाबून मोडूं गेलें तर जड जातें; तीच वांकविली तर चट्‌दिशीं मोडते. बर्फाचेंही तसेंच. उभ्या, गुळगुळीत खांबावर येऊन आदळणारा बर्फ दाबला जाऊन चुरावा लागतो, आणि त्यासाठीं लागणारा सारा जोर खांबाला सोसावा लागतो. परंतु पाण्याच्या पातळीशीं खांबाभोंवतीं शंकूच्या आकाराचा उतरता घाट दिला, तर सरकत येणारा थर त्या उतारावर चढतो किंवा त्याखालीं दबतो, वांकतो, आणि आपल्या आपण मोडून पडतो. कॅनडांत प्रिन्स एडवर्ड बेटाला मुख्य भूमीशीं जोडणारा जवळजवळ तेरा किलोमीटर लांबीचा पूल १९९७ सालीं खुला झाला, त्याच्या खांबांना असेच शंकु आहेत. फिनलंडनें २०१७ सालीं ताहकोलुओटो येथें बर्फाळ समुद्रांत चक्क्या उभारल्या, त्यांच्याही पायांची रचना बर्फ ध्यानांत धरूनच केलेली आहे. सारांश, बर्फाचा प्रश्न खर्चाचा आहे, अशक्यतेचा नाहीं.

पाया बसविण्याची युक्तीही ऐकण्यासारखी आहे. समुद्रांत बहुधा पोलादी खांब घणानें ठोकून तळांत घालतात. त्याचा आवाज पाण्यांत दूरवर जातो आणि जलचरांना त्रास होतो. क्लीव्हलंडसाठीं योजलेला पाया निराळा होता. एक प्रचंड पोलादी पिंप पालथें करून तळावर ठेवावयाचें आणि पंपानें त्याच्या आंतलें पाणी उपसावयाचें. आंतला दाब कमी झाला कीं बाहेरच्या पाण्याचा दाबच त्या पिंपाला चिखलांत खालीं खालीं रेटीत नेतो. पुढेंमागें काढावयाचें झालें तर उलट पाणी भरलें कीं पिंप वर येतें. खडक नसलेल्या मऊ तळाला ही रीत सोयीची.

कोणी म्हणेल, गोड्या पाण्यांत आजवर कोणीं चक्की उभारलीच नाहीं काय? उभारली आहे. स्वीडनच्या व्हेनर्न सरोवरांत कार्लस्टाडजवळ प्रत्येकीं तीन मेगावॉटच्या दहा चक्क्या २०१० सालापासून चालूं लागल्या, आणि तें सरोवरही हिंवाळ्यांत गोठणारें आहे. हॉलंडांत तर १९९४ सालींच आयसल सरोवरांत चार चक्क्या उभ्या राहिल्या होत्या. त्याच सरोवरांत २०२१ सालीं ८९ चक्क्यांचा, सुमारें ३८३ मेगावॉटचा ताफा पुरा झाला. परंतु तुलना करतांना एक गोष्ट विसरतां कामा नये. आयसल हें निसर्गाचें सरोवर नव्हे. १९३२ सालीं डच लोकांनीं समुद्राच्या एका खाडीच्या तोंडावर बांध घालून तिचें सरोवर केलें. माणसानें केलेल्या त्या उथळ हौदांत पुन्हां माणसानें खांब रोंवले, तर लोकांना त्याचें फारसें नवल वाटत नाहीं. अमेरिकेच्या पंचसरोवरांकडे तेथील माणूस या दृष्टीनें पाहत नाहीं.

आणखी एक अडचण आहे, तिचा उल्लेख वर्तमानपत्रांत क्वचित् येतो. मला मात्र ती सर्वांत जबर वाटते. सरोवरें समुद्राएवढीं असलीं तरी त्यांचें दार अरुंद आहे. अटलांटिकमधून आंत यावयाचें तर सेंट लॉरेन्स नदीचा जलमार्ग, जो १९५९ सालीं खुला झाला, त्यांतून यावें लागतें. पुढें नायगाराचा धबधबा टाळण्यासाठीं वेलंडच्या कालव्यांतून, आठ पाणदरवाजे एकामागून एक ओलांडीत, सुमारें शंभर मीटर वर चढावें लागतें. या दरवाजांची रुंदी २४.४ मीटर. त्यांतून जाणाऱ्या जहाजाची रुंदी २३.८ मीटरांहून अधिक असूं शकत नाहीं. आणि समुद्रांत आजच्या मोठ्या चक्क्या उभारणारीं जहाजें, जीं स्वतःचे पाय तळावर टेंकून पाण्याबाहेर उचललीं जातात, तीं चाळीस मीटर आणि त्याहूनही रुंद असतात. दरवाजांतून हत्ती जात नाहीं आणि शेपूटही जात नाहीं! मग जहाज आंतल्या आंत बांधा, किंवा सपाट तराफ्यांवर याऱ्या बसवून काम भागवा. त्यांत भर अमेरिकेच्या १९२० च्या कायद्याची. अमेरिकेच्या एका बंदरांतून दुसऱ्या ठिकाणीं माल न्यावयाचा तर जहाज अमेरिकेंतच बांधलेलें असावें, असा तो कायदा सांगतो. शंभर चक्क्या उभारावयाच्या असतील तर नवें जहाज परवडेल. सहा चक्क्यांसाठीं कोण बांधणार? आणि आधीं सहा उभ्या राहिल्याखेरीज शंभरांना पैसे कोण देणार? सारी मेख येथें आहे.

आतां सरोवराच्या तळाची मालकी कोणाची, तें पाहूं. समुद्राच्या किनाऱ्यापासून दूरचा तळ अमेरिकेंत मध्यवर्ती सरकारच्या ताब्यांत असतो; तें सरकार मोठमोठे पट्टे आंखून लिलांव करतें. सरोवरांचा तळ मात्र कांठावरच्या त्या त्या राज्याचा. आणि तोही राज्यानें वाटेल तसा विकावा असा नव्हे. इलिनॉय राज्याच्या विधिमंडळानें १८६९ सालीं शिकागोपुढील सरोवराच्या तळाचा हजार एकरांहून मोठा तुकडा एका रेल्वे कंपनीला देऊन टाकला होता. चार वर्षांनीं राज्याला पश्चात्ताप झाला व त्यानें ती देणगी रद्द केली. भांडण वरिष्ठ न्यायालयांत गेलें, आणि १८९२ सालीं निकाल झाला कीं हा तळ राज्याजवळ जनतेची ठेव म्हणून आहे. ठेव सांभाळणारानें ती खाजगी मालकाच्या हवालीं करणें हें त्याच्या अधिकाराबाहेरचें आहे. म्हणून आजही सरोवरांत कोणीं खुंटी ठोकूं म्हटलें, तर पहिला प्रश्न निघतो तो हा कीं यांत जनतेचें हित कोणतें.

जनतेला या पाण्याबद्दल एवढा जिव्हाळा वाटावयास कारणही तसेंच आहे. दोन्ही देशांतील तीन कोटींहून अधिक लोक या सरोवरांचें पाणी पितात. क्लीव्हलंडच्या पाण्याचा एक झरोका कांठापासून कांहीं मैलांवर, सरोवरांत बांधलेल्या एका गोल इमारतीखालीं आहे. तेथून बोगद्यानें पाणी शहरांत येतें. २००५ सालीं सरोवरावरील वारा मोजण्याचें यंत्र बसविलें, तेंही याच इमारतीच्या माथ्यावर. हेंच पाणी या पिढीनें विटाळलेलेंही पाहिलें आहे. क्लीव्हलंडमधून ईरीला मिळणाऱ्या कायाहोगा नदीवर तरंगणाऱ्या तेलकट घाणीनें २२ जून १९६९ रोजीं पेट घेतला होता. त्यानंतर दोन्ही देशांनीं १९७२ सालीं पाणी शुद्ध राखण्याचा करार केला. तरीही २०१४ च्या ऑगस्टांत ईरीच्या पश्चिम टोंकास शेवाळ माजून त्याचें विष पाण्यांत उतरलें, आणि टोलेडो शहरांतील सुमारें चार लक्ष लोकांना नळाचें पाणी पिऊं नका, उकळूनही पिऊं नका, असें बजावावें लागलें. जुन्या कारखान्यांची घाण तळच्या गाळांत कोठें कोठें निजलेली आहे. ती ढवळली जाईल काय, ही शंका लोकांनीं काढली तर तिला खुळी म्हणतां येणार नाहीं. पिंपाचा पाया योजला, त्याचें एक कारण हेंही होतें.

परंतु दुसरी बाजूही सरोवराच्याच नांवानें बोलते. कोळशाच्या धुरांतून पारा हवेंत जातो, पावसाबरोबर पाण्यांत उतरतो, आणि माशांच्या शरीरांत सांठत जातो. या सरोवरांतले कांहीं मासे बेतानें खा, असा सल्ला आरोग्यखातीं देतात तो त्यामुळेंच. कांठावरच्या औष्णिक केंद्रांना यंत्रें थंड करण्यासाठीं सरोवराचेंच पाणी अहोरात्र ओढावें लागतें. तेव्हां, पवनचक्की नको म्हणजे सरोवर जसेंच्या तसें राहील, ही समजूत खरी नाहीं. दोन्ही पक्षांच्या ओठांवर सरोवराचें रक्षण हाच शब्द आहे, आणि दोघेही तो प्रामाणिकपणें उच्चारतात, असें निदान माझें मत आहे. यांत हितसंबंधी कोणी नाहींत, असें मात्र मीं म्हणत नाहीं.

पक्ष्यांचा प्रश्न असाच दुहेरी. वसंतांत आणि शरदांत लक्षावधि लहान पक्षी ईरी सरोवर ओलांडून जातात, आणि त्यांतले पुष्कळ रात्रीं उडतात. त्यांत कर्टलंडचा वटवट्या म्हणून एक पिवळ्या पोटाचा, जेमतेम चौदा ग्रॅम वजनाचा पक्षी आहे. तो हिंवाळा बहामा बेटांत काढतो आणि घरटें करावयास मुख्यतः मिशिगनमधल्या एका जातीच्या कोंवळ्या पाइन झाडांखालीं येतो. एके काळीं त्याचे दोनशेंच्या आसपास गाणारे नर उरले होते. पन्नास वर्षांच्या जपणुकीनें संख्या वाढली आणि २०१९ सालीं त्याचें नांव संकटग्रस्त जातींच्या यादींतून काढण्यांत आलें. इतक्या कष्टानें वांचविलेल्या जीवाच्या वाटेवर फिरतीं पातीं उभीं करूं नयेत, असें पक्षिमित्रांनीं म्हटलें तर त्यांचें काय चुकलें? क्लीव्हलंडची जागा कांठापासून दूर असल्यानें तेथें पक्षी विरळ असतात, असें योजनेच्या बाजूचें म्हणणें. दूर पाण्यावर, रात्रीच्या अंधारांत, पांखरें मोजणें हेंच मुळीं अवघड. वादाचा निकाल लागण्यास लागणारी मोजदाद चक्की उभी राहिल्यावरच नीट होईल, आणि चक्की उभी राहूं देण्यापूर्वीं मोजदाद हवी.

या पेंचाचें उत्तर ओहायो राज्याच्या वीजस्थळ मंडळानें २०२० च्या मेमध्यें दिलें. त्यानें परवानगी दिली, पण अट घातली कीं १ मार्च ते १ नोव्हेंबर या आठ महिन्यांत सायंकाळपासून पहांटेपर्यंत चक्क्या बंद ठेवाव्या. वर्षांतल्या दोन-तृतीयांश रात्री चक्की बांधून ठेवली तर तिच्या विजेवर कर्ज कोण देणार? योजनाकारांनीं सांगितलें कीं ही परवानगी नव्हे, फांस आहे. कांहीं महिन्यांनीं मंडळानें अट मागें घेतली. त्यावर कांठच्या रहिवाशांनीं दाद मागितली, आणि राज्याच्या वरिष्ठ न्यायालयानें १० ऑगस्ट २०२२ रोजीं सहा विरुद्ध एक मतांनीं परवानगी कायम केली. म्हणजे कायद्याची लढाई योजनेनें जिंकली! परंतु तोंवर बारा वर्षें उलटून गेलीं होतीं. पोलाद महागलें होतें, व्याजाचे दर चढले होते. मध्यवर्ती सरकारनें २०१६ सालीं चार कोटी डॉलरांचें साहाय्य जाहीर केलें होतें. शहराच्या वीजखात्यानें विजेचा कांहीं भाग घेण्याचें मान्य केलें होतें. तरी सहा चक्क्यांवर सर्वेक्षणांचा, वकिलांचा आणि वाट पाहण्याचा जो खर्च बसला, तो त्यांच्या विजेंतून निघण्यासारखा राहिला नाहीं. डिसेंबर २०२३ मध्यें काम बेमुदत थांबल्याचें जाहीर झालें.

सरोवरांच्या उत्तर कांठाची कथा निराळी, पण शेवट तोच. कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतानें २०१० सालीं किंग्स्टनजवळ सरोवरांत ३०० मेगावॉटच्या चक्क्या उभारण्याचा एका कंपनीशीं करार केला, आणि ११ फेब्रुवारी २०११ रोजीं, गोड्या पाण्यांतील चक्क्यांविषयीं अधिक शास्त्रीय संशोधन हवें असें सांगून, सर्वच जलस्थ चक्क्यांना मनाई केली. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत प्रांताची निवडणूक होती, हें जातां जातां सांगून ठेवितों. कंपनीनें आंतरराष्ट्रीय लवादाकडे धांव घेतली. २०१६ सालच्या निर्णयांत तिला अडीच कोटी कॅनडी डॉलरांची भरपाई मिळाली. लवादानें ठेवलेला दोष मोठा मार्मिक आहे. मनाई केली हा मुख्य गुन्हा नव्हे. मनाई करून पुढें वर्षानुवर्षें कांहींच ठरविलें नाहीं, कंपनीला अधांतरीं लोंबकळत ठेविलें, हा अन्याय. गंमत अशी कीं याच प्रांतानें २०१४ पर्यंत कोळशाची वीज पूर्ण बंद केली. ईरीच्या कांठीं नॅन्टिकोक येथें उत्तर अमेरिकेंतलें सर्वांत मोठें कोळशाचें वीजकेंद्र होतें. तें बंद झालें, आणि २०१९ सालीं त्या जागीं ४४ मेगावॉटचें सूर्यकिरणांचें केंद्र सुरू झालें. धाडस नव्हतें असें नाहीं. पाण्यांत उतरण्याचें तेवढें नव्हतें.

मिशिगन राज्यांत २००९-१० च्या सुमारास एका परदेशी कंपनीनें लडिंग्टनच्या बाजूस शेंकडों चक्क्यांचा आराखडा मांडला. कांठच्या गांवांनीं क्षितिजाकडे बोट दाखवून तो परत पाठविला. न्यूयॉर्क राज्यानें तर मागितलेले प्रस्ताव २०११ सालीं स्वतःच रद्द केले, आणि पुढें ईरी व ऑन्टॅरिओ या दोन सरोवरांचा सविस्तर अभ्यास करवून २०२२ च्या डिसेंबरांत अहवाल प्रसिद्ध केला. तो अहवाल मीं वाचण्याजोगा समजतों, कारण त्यांत आवेश नाहीं. वारा आहे, बर्फावर तोड आहे, असें तो मान्य करतो. पण योग्य जहाजें नाहींत, बंदरें तयार नाहींत, वीज नेणाऱ्या तारांची जोडणी महाग, आणि जमिनीवरील वारा व सूर्य यांपासून राज्याला तीच वीज स्वस्तांत मिळते, म्हणून तूर्त ही वेळ नव्हे, असा त्याचा निर्णय आहे. इलिनॉयच्या प्रतिनिधिगृहानें २०२३ च्या मार्चांत शिकागोच्या बाजूस चक्क्यांना उत्तेजन देणारें विधेयक मंजूर केलें. तें वरच्या सभागृहांत अडलें.

कोणी विचारील, एखादा धनाढ्य प्रांत किंवा राज्य पहिल्या सहांचा तोटा आपल्या अंगावर कां घेत नाहीं? ब्रशसाहेबांनीं आपल्या चाकाचा जमाखर्च कोणाला दाखविला नसेल. घर त्यांचें, अंगण त्यांचें, पैसाही त्यांचा. सरोवर तीन कोटी लोकांचें आहे, आणि त्यांतल्या प्रत्येकाच्या घरीं त्याचा नळ आहे. क्लीव्हलंडसमोरच्या पाण्यांतली ती गोल इमारत आजही शहराला पाणी देत आहे. तिच्या माथ्यावरून मोजलेला वारा कागदोपत्रीं नोंदलेला आहे, आणि तिच्याहून चार-पांच मैल पुढें, जेथें सहा चक्क्या व्हावयाच्या होत्या, तेथें अठरा मीटर पाणी आहे.